चार खांबांचं बिऱ्हाड

समितीचं पत्र आलंय: नव्या मैदानाच्या पाटीसाठी
क्लबची सगळी मैदानं लिहून द्या, व्हर्ना,
नाव आणि साल, एका ओळीत एक.
पितळी पत्र्यावर जागा कमी आहे.

जागा आम्हाला पुरली कधी?

पहिलं गिरणीमागचं कुरण. साल ठाऊक नाही,
आजोबा म्हणायचे, तांब्याचा भाव पडला त्या हिवाळ्यात.
जमीन उतरती. आणि तो लंबगोल चेंडू,
ज्याला सरळ उसळी घेणं जन्मात जमलं नाही,
मेंढ्यांच्या लेंड्यांतून घरंगळत थेट विहिरीकडे.
सीमारेषेच्या आत एक निलगिरी होती.
झाडाला लागला तरी खेळ चालू, हा आमचा नियम,
पाहुण्यांना तो अर्धा सामना संपल्यावर कळायचा.
खाली गोडं पाणी आहे हे एल्सीच्या आजोबांनी दाखवलं.
त्यांच्या माणसांना ते माहीत होतं
मोजणीची साखळी इथे पोचायच्या कितीतरी आधी.
संघाच्या फोटोत ते कडेला आहेत, अर्धे,
चौकटीने खांदा कापलेला.
पाटीवर हे कुठल्या ओळीत बसवू?

मग मालकाने गहू पेरला.
आम्ही खांब उपटले, घोडागाडीत घातले
आणि भट्टीजवळ पुरले. तिथे गवत नाही,
नुसती मळीची काळी खडी.
पडलं की गुडघ्यात शिरायची.
बाबांच्या डाव्या गुडघ्यात एक खडा तसाच राहिला,
थंडी पडली की ठणकायचा.
ते गेले तेव्हा डॉक्टर टॅलॅकनी विचारलं, हे काय?
आई म्हणाली, मैदान.
तर दुसऱ्या मैदानाचा एक तुकडा
दफनभूमीत आहे, तिसरी रांग, कुंपणाजवळ.

त्यानंतर दोन वर्षं आम्हाला मैदानच नव्हतं.
‘घरचा सामना’ आम्ही दुसऱ्यांच्या गावात खेळलो,
त्यांच्याच खोलीत कपडे बदलून,
त्यांच्याच बायकांच्या हातचे मांसाचे पाय विकत घेऊन.
आईने गाडीची मागची फळी पाडली,
थर्मास मांडला, निळा-पिवळा मफलर बांधला,
म्हणाली, इथून तिथपर्यंत आपलं.
ही दोन वर्षं समितीला नको आहेत. विचारलं मी.

जत्रेचं मैदान तुम्हाला आठवतं, तुमच्यापैकी काहींना.
भोवती घोड्यांच्या शर्यतीचा पट्टा,
प्रेक्षक इतके लांब की शिव्या पोचायला वेळ लागे.
मी गुणफलकाच्या शिडीवर. सातचा पत्रा हरवलेला,
सात आले की एकच्या डोक्यावर खडूने रेघ मारायची.
तिथेच क्लेमने भोंगा वाजल्यावर लाथ मारली,
पाच गुणांनी मागे, सहा हवे होते,
आणि चेंडू उंच खांबाला लागला.
पांढऱ्या कोटातल्या पंचाने एकच झेंडा हलवला.
क्लेम नंतर पर्थला गेला. ख्रिसमसला फोन करतो.

आता तिथे सुपरमार्केट आहे.
मी पावलं मोजून ठेवलीत: दारापासून चाळीस, मग डावीकडे.
तो खांब गोठवलेल्या मटारच्या कपाटात आहे.
कधी कधी उगाच उभी राहते.
काउंटरवरची पोरगी विचारते, काही सापडत नाहीये का?

नवं मैदान चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही.
दिवे आहेत, नळ्यांतून पाणी येतं,
नाव ट्रॅक्टर विकणाऱ्याचं आहे, पैसे त्याने दिले.
आणि मुली खेळतात.
माझी नात टिगन परवा घरी आली लंगडत,
सामना जिंकून, तोंडभर बडबड.
मी कोमट पाणी घेतलं, गुडघा धुतला,
दिव्याखाली धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.
गवताचा हिरवा डाग. बाकी काही नाही.

काय शोधतेस, ती म्हणाली.
म्हटलं, काही नाही. पाय हलवू नकोस.